तीन पानांची नोंद

विद्यापीठाच्या ग्रंथालयातली जुनी हस्तलिखितं स्कॅन करून घेण्याचं काम तिच्याकडे आहे. मी तिथूनच निवृत्त झालो. राहतो दोघंही भाईंदरला, केबिन रोडजवळच्या एकाच इमारतीत. साधी लग्नपत्रिका दिली तरी ती आधी हात पुसते. बोलणं मोजकं आणि ठाम, "काका, अंदाज नको. माहीत असेल तेच सांगा."

परवा जिन्यात म्हणाली, "एका हस्तलिखितात तीन पानं कमी आहेत. साहेब म्हणतायत, स्कॅनिंगवाल्यानेच हरवली. त्याला काढतायत."

ती पानं मी काढली होती. बांधणी विभागात असताना, वाळवीने खाल्लेली म्हणून टाकून दिली आणि नोंदवहीत 'पूर्ण' लिहून सही केली. तिला तसं सांगितलं.

ती रागावली नाही. पर्समधून कोरा कागद काढला. "हेच लिहून द्या, नावासकट. पानांच्या जागी तुमचा कागद स्कॅन करते."

"अगं, सगळ्यांना दिसेल."

"दिसू दे. त्याची नोकरी तर राहील."

मी पायरीवर बसून लिहिलं. तिने वाचलं, 'वाळवीने खाल्लेली' या शब्दांवर बोट ठेवलं.

"काहीच वाचता येत नव्हतं?"

बरंचसं येत होतं. मी तेही लिहिलं.