अमीनाबीनं धरलेला हात

मी उज्ज्वला. लोक मले भोचक म्हणतात, म्हणू द्या! एखादी गोष्ट अशी काहून झाली हे कळल्याशिवाय मले जेवण जात नाही.

अमीनाबी कारंज्याची बांगडीवाली. डोक्यावर टोपली घेऊन यष्टीनं आमच्या गावात येत जाय. आजूबाजूच्या गावात नवरीचा चुडा तिनंच भरावा, असा रिवाजच पडला होता. तिची भराची तऱ्हाच न्यारी. मान खाली, नजर हातावर. समोरच्या बाईचं तोंड ती पाह्यतच नसे. बोटं एका जागी गोळा करे, अंगठ्याखालचं हाड दाबे, अन् गप्पा मारता मारता बांगडी मनगटात! मले तं नेहमी नवल वाटे.

मग तिचा नवरा शफीक वारला. अन् लोकायनं काय करावं? लग्नात तिले बोलावणंच बंद केलं. म्हणे, विधवेच्या हातानं चुडा भरत नाहीत. मले असा राग आला! बाई तीच, हात तेच, टोपली तीच. पोरगी यूसरा शिकून राह्यलेली, अन् घरात कमावणारी ही एकटीच.

म्हणून माह्या पुतणीचं लग्न जमलं तवा मी अडूनच बसली. "चुडा अमीनाबीच भरीन!" पुतणीची माय, म्हंजे माही जाऊ मैनावहिनी, चहाच्या निमित्तानं उठून आत गेली. तिचा नवरा, म्हंजे माहा भासरा, कोरोनात गेला, तवापासून ती कोणत्याच कार्यात पुढं येत नव्हती. पण आमच्या आत्याबाईनं, सासऱ्याच्या बहिणीनं, तोंड वाकडं केलं. "काही इपरीत झालं तं तुह्यावर हाय."

अमीनाबीले मी फोन केला. ती म्हणे, "बाई, हे लग्न नीट पार पडलं तं लोक परत बोलावतीन. नाही तं ही टोपली ठेवून देईन."

हळदीच्या दिवशी मधल्या खोलीत बायांचा गराडा. नवरीचा चुडा झाला, मग एकेक हात पुढं येऊ लागला. मैनावहिनीनं मागून चहाचा कप अमीनाबीपुढं धरला. अमीनाबीनं कप घेऊन खाली ठेवला, अन् तोच हात धरून सवयीनं बोटं दाबली. हिरव्या बांगड्या भराभर चढल्या. मैनावहिनीनं हात मागं घेतला, तवा उशीर झाला होता.

"अव, हे काय केलं!" आत्याबाई वरडली.

अमीनाबीनं मान वर केली, अन् तिचं तोंड पांढरं फटक पडलं.

"काढ त्या!" आत्याबाई परत वरडली.

"निंगत नाहीत बाई. घट्ट बसल्या. आता काढाच्या तं फुटतीन."

झाली का पंचाईत! हळदीच्या घरात बांगडी फुटणं अपशकुन, अन् विधवेच्या हातात हिरवी राहणं त्याहून मोठा. आत्याबाईनं वरवंटा आणवला. "फोड!"

मले कळून चुकलं. फोडल्या तरी हिचा धंदा बुडाला, नाही फोडल्या तरी बुडाला.  अमीनाबीनं वरवंटा दूर सरकवला. "माह्या हाताले भराचं माहीत हाय. फोडाच्या असन तं तुमच्यातल्या कोणी फोडा."

वरवंट्याकडं कोणी हात नेईना! तोंडानं साऱ्याच शूर, पण आपल्या हातानं अपशकुन कोणाले पाह्यजे? मले हासू यावं का रडू, समजेना. शेवटी मैनावहिनीच म्हणे, "राहू द्या. माह्या पोरीचं लग्न हाय. माहे हात बी चांगले दिसू द्या." तिचे डोळे भरून आले. नवरी उठली अन् मायच्या गळ्यात पडली.

बाया जेवाले गेल्या. मी अमीनाबीजवळ सरकली. मले राहवते थोडंच! "खरं सांगा, मुद्दाम भरल्या का चुकून?"

"अल्लाकसम, चुकून," ती म्हणे. "हात आला, भरला. घरी नवरा हाय का नाही, हे हातावरून थोडंच समजते?" अन् टोपली बांधाले लागली. "आता कोण बोलावते मले."

तेवढ्यात आत्याबाई आत आली. मी म्हटलं, ही आता अजून ऐकवते. या बाईचा नवरा ती विशीत असताना गेला. तवापासून तिच्या हातात कोणी बांगडी पाह्यली नाही. तिनं दार लोटलं अन् अमीनाबीपुढं बसली.

"जेठ महिन्यात माह्या नातीचं लग्न हाय," ती डाफरली. "चुडा भराले येजो. उशीर नको करू."

अमीनाबी पाह्यतच राह्यली. आत्याबाईनं पदरातून हात काढला अन् हळूच पुढं केला.

"सुरकुतला हाय. भरता येईन का?"

अमीनाबीनं बांधलेली टोपली परत सोडली.

"हिरव्या नको," आत्याबाई घाईघाईनं म्हणे, "लोक काय म्हणतीन!" मग टोपलीत पाह्यत बसली. पाह्यता पाह्यता म्हणे, "बरं, हिरव्याच भर."