बापूराव गिळेपर्यंत

गंगाधरच्या हॉटेलातलं चहाचं पातेलं कितीही घासा, आतला काळा थर काही निघत नाही. आमच्या टेबलावरच्या किश्शांचंही तसंच आहे. रोज एक नवा थर! टेबलाचे कायमचे मेंबर चार: भूगोलाचे मास्तर बापूराव, हदगावला शेती आणि नांदेडला बिऱ्हाड असलेला नाना, देगलूरचा शिवलिंग आणि मी. माझ्या किश्शांतलं निम्मंच खरं असतं, असं हे तिघे सांगत फिरतात. हे किस्से त्या निम्म्यातले.

*

एका सकाळी बोलता बोलता बापूरावांच्या हातातला कप निसटला. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि बोलणं तोंडात गोधडी कोंबल्यासारखं.

"सोंग करून राहिला का रे?" नानानं विचारलं.

सोंग नव्हतं. शिवलिंगनं कांदा फोडून नाकाला लावला. नाना गाडीची किल्ली काढत ओरडला, "लकवा हाय हा! आमच्या गावाजवळ एक जण कबुतराचं रगत चोळतो. चला!"

मी बापूरावांच्या बायकोला, सुशीलावहिनींना फोन लावला होता. नानाचा आवाज त्यांना तिकडं ऐकू गेला.

"भावजी, नानांना विचारा, कबुतराला सीटी स्कॅन करता येतो का? न्हाई ना? मग जिथं येतो तिथं न्या. आत्ता! मी पोचतेच."

*

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "हे नेमकं कधी सुरू झालं? इंजेक्शन द्यायचं की नाही, ते त्यावर ठरतं."

"दुसऱ्या चहाला!" नाना छातीठोकपणे म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढून आमच्याकडं पाहिलं. शेवटी गंगाधरला फोन करून दुसऱ्या चहाचं घड्याळात रूपांतर करून घेतलं, आणि मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत बसलं.

"बीपीच्या गोळ्या चालू होत्या?"

"दिवाळीपासून बंद," वहिनी म्हणाल्या, आणि आल्यापासून पहिल्यांदा खाली बसल्या.

*

जीव वाचला, पण घोट अडकला. गिळण्याबोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं, "पाणी पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरतंय. न्यूमोनिया झाला तर पुन्हा जिवावर बेतेल. मी सांगेपर्यंत तोंडानं थेंबही द्यायचा नाही."

नाकात नळी बसली. बापूराव डाव्या हातानं बशीचा आकार करून दाखवायचे. मागणं एकच, चहा!

अशात लातूरहून मावशी आल्या. आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही आणि गप्प तोंडानं तर नाहीच. मावशींनी पिशवीतून वाटी काढली. "घोटभर तीर्थानं काय होतंय गं? देवीचं हाय. बरोबर वाट काढील!"

वहिनींनी वाटीत बोट बुडवलं आणि बापूरावांच्या कपाळाला टेकवलं.

"झटका मेंदूत आलाय, मावशी. जवळच्या वाटेनं जाऊ द्या!"

*

नाना गुपचूप माहूरला जाऊन आला. येताना प्रसाद आणला आणि बातमी. "रेणुकामायला नवस बोललो. बापूराव तोंडानं चहा पिईपर्यंत आपण तिघांनी चहा सोडला."

"तिघांनी? अरे, मला विचारलंस का?"

"एकट्याचा चहा देवीला लई किरकोळ वाटला असता!"

झालं! शिवलिंग डोक्याला फडकं बांधून ऑफिसला जाऊ लागला. मी सर्दीचं निमित्त करून बायकोच्या कपाची वाफ घेऊ लागलो. नाना बांधावर उभा राहून सोयाबीनवर खेकसायचा, असं त्याचा सालगडी सांगतो.

सगळ्यात हवालदिल झाला गंगाधर. टेबल ओस पडलेलं. तो थेट दवाखान्यात आला आणि राउंडवरच्या डॉक्टरांना त्यानं व्हरांड्यातच गाठलं.

"साहेब, काहीबी करा! तुमचा पेशंट एक हाय, पण माझी गिऱ्हाईकं चार आडवी हायत!"

*

मग आम्हीच कंबर कसली. मॅडमनी व्यायाम सांगितले होते: जीभ बाहेर, उजवीकडं, डावीकडं, गाल फुगवा, जोरात 'आ' म्हणा. एकट्यानं करायला बापूराव लाजायचे. म्हणून नानानं फर्मान काढलं, सगळ्यांनी करायचे! नाना कॉटच्या पायथ्याशी उभा राहून बैल हाकल्यासारखा ओरडायचा, "जीभ डावीकडं! डावीकडं म्हणलं, शिवलिंग!"

एकदा एक नवे डॉक्टर आत आले. चार प्रौढ माणसं, चार जिभा बाहेर! त्यांनी क्षणभर विचार केला आणि सरळ शिवलिंगची नाडी धरली.

*

नेहमी हसायचंच काम होतं असं नाही. एका दुपारी बापूरावांनी भिंतीकडं तोंड केलं आणि कुणाचंच ऐकेनात. नानाचा हात लोटून दिला. खांदे गदगदू लागले. चाळीस पोरांचा वर्ग नुसत्या खाकरण्यानं गप्प करणारा माणूस! आम्ही तिघे चपलांकडं बघत बसलो.

वहिनी उठल्या, पलंगाच्या त्या बाजूला गेल्या आणि त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"रडा. खुशाल रडा. पण तोंड उघडून रडा, तेवढाच व्यायाम होतो!"

बापूराव तसेच रडले. आ वासून. मग वहिनीही.

दुसऱ्या दिवशी जीभ डावीकडं कोपऱ्यापर्यंत गेली.

*

आधी घट्ट पेज चमच्यानं जाऊ लागली. मग नळी निघाली. मग पातळ पाण्याचा चमचा. आणि एका सकाळी मॅडम म्हणाल्या, "आज चहा बघू या. बिनसाखरेचा. एकेक घोट."

गंगाधर किटली घेऊन पळतच आला. बापूरावांना ताठ बसवलं. त्यांनी डाव्या हातानं कप उचलला आणि ओठांशी नेला. आम्हा तिघांच्या घशांत आवंढे वरखाली झाले.

आणि बापूरावांनी कप खाली ठेवला!

"काय झालं? भीती वाटते?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. बोट टेबलावरच्या बीपीच्या मशीनकडं केलं. मग नानाकडं.

"नाना... आधी."

नानानं जन्मात कधी बीपी मोजून घेतलं नव्हतं. मशीनला दंड दिला की ते काहीतरी काढतंच, असं त्याचं म्हणणं. "माझं काय मधीच? मला काय धाड भरली? तू पी गुमान!"

बापूरावांनी कप आणखी लांब सरकवला.

"नाना, हात दे!" शिवलिंगचा धीर सुटला. "न्हाईतर उपटून देतो!"

"द्या की हो!" गंगाधर कळवळला. "चहा निवून राहिला!"

नानानं बाही वर केली. मॅडमनी पट्टा गुंडाळला, मशीन चालू केलं, आकडा पाहिला. पट्टा दुसऱ्या दंडाला बांधला. पुन्हा पाहिला. मग नर्सला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलवा." आणि नानाला, "काका, खुर्चीत टेकून बसा. बोलू नका."

"अवो पण मॅडम, मला कायबी होत न्हाई! खातो, झोपतो, शेतात जातो. कायबी होत न्हाई!"

बापूरावांनी कप उचलला. हनुवटी खाली केली, एक घोट घेतला, सावकाश गिळला. मॅडमनी 'आ' म्हणायला लावलं. आवाज स्वच्छ निघाला. ठसका नाही.

मग नानाकडं बघत, एकेक शब्द ओढून काढत ते म्हणाले,

"मला... तरी... काय... होत होतं?"