खलिफांचे माप

१९६० सालच्या जूनमध्ये, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर महिन्याभरात, अक्कलकुव्याच्या एका शिंप्याने कान्हाच्या जंगलात पट्टेदार वाघाचा फोटो काढला. फोटो एकच होता. तो स्पष्ट आला.

त्या शिंप्याला गावात खलिफा म्हणत. मुसलमान शिंप्याला आमच्याकडे हेच नाव आहे. शिंपी आणखीही होते, पण नुसते खलिफा म्हटले की बाजारपेठेच्या वळणावरचे, निळ्या फळ्यांचे दुकान समजले जाई. मी त्या वेळी धुळ्याच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार म्हणून अक्कलकुव्यात राहत होतो आणि माझे दोन्ही कोट त्यांनी शिवले होते.

खलिफांची ख्याती डोळ्याची होती. गिऱ्हाईक उंबऱ्याशी चपला काढत असतानाच ते त्याची छाती, खांदा आणि बाही मनाशी म्हणून टाकत. टेप नंतर निघे, तोही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. गावातले लोक कुंपणाची लांबी, विहिरीची खोली, पडक्या भिंतीची उंची त्यांना विचारायला येत. ते डोळा बारीक करून गजात उत्तर देत. फुटात कोणी विचारले तर म्हणत, "फूट गवंडीसना. आम्हले गज." कपडा ते गजाने घेत, गजाने कापत आणि जगही गजाने पाहत.

लग्नतिथी संपल्या की पाऊस लागेपर्यंत शिंप्याला काम नसते. त्या मोकळ्या दिवसांत खलिफा दुकानाच्या फळ्या लावून प्रवासाला निघत. खांद्याला कॅमेरा असे. रस्त्याच्या कामावरच्या एका इंजिनिअरने बदलून जाताना तो त्यांना दिला होता आणि बदल्यात एक गरम सूट शिवून घेतला होता. कॅमेरा भात्याचा, घडी घालून खिशात मावणारा. भिंगाभोवती एक कडे होते आणि त्यावर अंतराचे आकडे. समोरची वस्तू किती लांब आहे ते नजरेने ठरवायचे, कडे त्या आकड्यावर आणायचे आणि खटका दाबायचा. असा कॅमेरा जणू त्यांच्यासाठीच घडवला आहे असे खलिफांचे मत होते.

माणसांचे फोटो ते काढत नसत. एकदा तालुक्याच्या एका साहेबांनी सहकुटुंब फोटोची इच्छा सांगितली. खलिफांनी साहेबांना खुर्चीवरून उठवले, पाठीला टेप लावला आणि म्हणाले, "मानसं मी मापमा लेस साहेब, जनावरं फोटूमा." साहेबांना कोट मिळाला, फोटो मिळाला नाही.

पहिला प्रवास मुंबईचा झाला. राणीच्या बागेत ते चार दिवस होते. परतल्यावर नंदुरबारच्या स्टुडिओत रोल धुतला गेला आणि फोटो दुकानात मांडले गेले. हत्ती होता तिथे राखाडी ढीग होता. पाणघोडा कापसाच्या गासडीसारखा दिसत होता. सिंह कोणता आणि पिंजऱ्यामागचे झाड कोणते, यावर दुकानात वाद झाला. पुढच्या उन्हाळ्यात ते गीरला गेले. तिथले सिंह जवळून पाहिले, जवळूनच फोटो घेतले, आणि तेही असेच आले.

या फोटोंचे सर्वांत बारकाईने निरीक्षण नरोत्तमभाईंनी केले. नरोत्तमभाई तापीकाठचे गुजर शेतकरी, केळी आणि कापूस करणारे, दर बाजाराला अक्कलकुव्यात येणारे. घरात गुजरी बोलत, बाजारात अहिराणी. घरचे सगळे कपडे खलिफांकडे शिवायचे, त्यामुळे बोलण्याचा हक्क आपला आहे असे ते समजत.

"खलिफा, बंबईमा धुकं पडेल व्हतं का?"

"जूनमा धुकं?" कोणीतरी विचारले.

"तेच तं मी इचारस. गीरमा बी धुकं, बंबईमा बी धुकं. खलिफा जठे जास तठे धुकं."

दुकान हसले. मग नरोत्तमभाईंनी जे म्हटले ते मात्र हसण्यावारी गेले नाही. "या डोयावर तू सदरा शिवशी तं तंबू व्हई."

डोळ्यावर चालणाऱ्या माणसाबद्दल हे बोलणे होते, आणि ते बाजारात पसरले. बाही सैल झाली की गिऱ्हाईक आता "धुकं" म्हणू लागले. टेप दोनदा लावायला सांगणारे निघाले. त्या हंगामात नरोत्तमभाईंच्या पुतण्याचे लग्न होते. त्याचे कपडे शेजारच्या खापर गावच्या शिंप्याकडे गेले, आणि नरोत्तमभाईंच्या मागोमाग तापीकाठची आणखी काही घरे गेली. खलिफांच्या दुकानात दोन यंत्रे होती. त्यातल्या एकावर कापड झाकून ठेवलेले मी त्या वर्षी पाहिले.

खुलासा सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरने केला. पायजम्याचे माप द्यायला तो आला असताना कॅमेरा टेबलावर पडलेला होता. औषधांच्या बाटल्यांवरची इंग्रजी वाचण्याची सवय असल्यामुळे त्याने कड्यावरची बारीक अक्षरेही वाचली.

"खलिफा, हे फूट आहेत."

"काय फूट?"

"हे आकडे. तुम्ही काय समजत होता?"

खलिफा गज समजत होते. सिंह आठ गजांवर उभा असला की ते कडे आठवर आणत, आणि कॅमेरा आठ फुटांवरची हवा टिपत असे. सिंह तिच्या पलीकडे. खलिफांनी कडे फिरवून पाहिले, दाराबाहेरच्या निंबापर्यंत नजर टाकली, परत कड्याकडे पाहिले. मग म्हणाले, "म्हंजे मन्हा डोया बराबर व्हता. आकडाच परका व्हता."

गजाचे तीन फूट, म्हणून त्या दिवसापासून ते तिपटीने मोजू लागले. बाजाराच्या दिवशी नरोत्तमभाई आले तेव्हा त्यांना ही हकीकत सांगण्यात आली. त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"पहिले धुकं, आते फूट. पुढला साल काय सांगशी?"

"पुढला साल वाघ दखाडसू."

"बाजारमा फोटू इकत भेटतस वाघना. तो तू काढा हाई कोन सांगी?"

"तूच सांग. चाल संगे."

बोलणे असे ठरले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर नरोत्तमभाईंच्या मोठ्या मुलाचे लग्न होते आणि तापीकाठच्या गुजरांत ते लहान लग्न नव्हते. फोटोत वाघाच्या मिशा दिसल्या तर नवऱ्यामुलापासून वऱ्हाडातल्या शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांचे कपडे खलिफांनी शिवायचे. नाही दिसल्या तर खापर. खलिफांनी मान डोलावली. झाकलेल्या यंत्रावरचे कापड त्यांनी त्याच दिवशी काढले आणि त्याला तेल दिले.

पुढचा वृत्तांत दोघांकडून वेगवेगळा ऐकला. जिथे दोघांचे जुळते तेवढेच इथे दिले आहे.

एस.टी.ने नंदुरबार, रेल्वेने भुसावळ आणि जबलपूर, तिथून मंडल्याला बस, असा प्रवास झाला. जबलपूरला गाडी पोचेपर्यंत नरोत्तमभाईंनी घरून आणलेल्या दशम्या संपल्या होत्या. खलिफांनी वाटेत प्रत्येक स्टेशनवर उतरून लोकांच्या अंगावरचे कपडे पाहिले आणि इटारसीच्या पुढे कॉलर नीट बसत नाही असा निष्कर्ष काढला.

कान्हामध्ये एका तलावाच्या काठी, पाणवठ्याजवळ, वनरक्षकाने त्यांना मचाण दाखवले. भर दुपारी, जनावर येत नाही अशा वेळी, खलिफांनी खिशातून टेप काढला. मचाणापासून पाण्यापर्यंत, पाण्यापासून मोठ्या दगडापर्यंत, दगडापासून साजाच्या झाडापर्यंत त्यांनी सगळे मोजले. टेपचे दुसरे टोक वनरक्षकाला धरावे लागले.

"दर्जी भैया, शेर का कुर्ता सिलोगे क्या?"

"पहले नाप तो लेने दो."

पाण्यापर्यंतचे अंतर सहा गज भरले. कडे अठरावर ठेवून खलिफा मचाणावर बसले. पहिल्या दिवशी चितळे आली. दुसऱ्या दिवशी डुकरे आली आणि नरोत्तमभाईंनी वाघाच्या नावाने पुष्कळ बोलून घेतले. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर माकडांनी ओरडा केला आणि वाघ आला.

तो पाण्याकडे गेला नाही. टेप लावलेल्या एकाही जागी तो उभा राहिला नाही. साजाच्या झाडाला वळसा घालून तो मचाणाच्या बाजूने, सुक्या नाल्यातून वर आला आणि थांबला. वनरक्षकाने खलिफांचा दंड धरला. खलिफांनी डोळा बारीक केला. कड्यावरचे बोट अठरावरून बारावर आले. वाघाने मान वर केली तेव्हा खटका दाबला गेला. त्या आवाजाने वाघ नाल्यात उतरला आणि दिसेनासा झाला.

नरोत्तमभाई साक्षीदार म्हणून आले होते. ते मचाणाच्या खांबाला दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. ही गोष्ट त्यांनी नाकारली नाही. परतल्यावर बाजारात लोकांनी त्यांना गाठले.

"भाऊ, वाघ व्हता का?"

"वास व्हता," नरोत्तमभाई म्हणाले.

म्हणजे साक्ष काही झाली नाही. सगळे त्या एका रोलवर आले. नंदुरबारच्या स्टुडिओत दोघे बरोबर गेले. नरोत्तमभाई काळ्या खोलीच्या दाराशी स्टूल टाकून बसले आणि आतून कोणी काही बदलून आणत नाही ना याकडे लक्ष ठेवून राहिले. खलिफा समोरच्या चहाच्या दुकानात बसले. त्यांनी चहा मागवला आणि तो घेतला नाही, असे नरोत्तमभाई सांगत.

ओला फोटो बाहेर आला तेव्हा तो आधी नरोत्तमभाईंच्या हातात पडला. वाघ मान वर करून समोर पाहत होता. मागचे झाड धूसर होते. वाघ धूसर नव्हता. कपाळावरचे पट्टे, नाकावरचा जुना ओरखडा, ओठाखालचे पांढरे केस वेगवेगळे दिसत होते. नरोत्तमभाईंनी मिशा बोटाने मोजायला सुरुवात केली. उजवी बाजू संपवून ते डावीकडे आले, तिथे मध्येच थांबले आणि रस्ता ओलांडून चहाच्या दुकानात गेले.

"ऊठ खलिफा," ते म्हणाले. "आते मापं ले."

दिवाळीनंतरचे ते लग्न तापीकाठी पुष्कळ दिवस बोलले गेले. वऱ्हाडातल्या सगळ्यांचे कपडे अक्कलकुव्यात शिवले गेले. दोन्ही यंत्रे चालत होती आणि तिसरे तळोद्याहून आणावे लागले. मापे घेण्यासाठी खलिफा स्वतः गावात गेले. नरोत्तमभाईंच्या अंगणात माणसे रांगेने उभी राहिली आणि खलिफांनी टेप खिशातच ठेवला. नुसते पाहत गेले, आकडे सांगत गेले. कोणीही टेप मागितला नाही. लग्नात एकाही कोटाला परत शिवण घालावी लागली नाही, हे नरोत्तमभाईंनी व्याह्यांना सर्वांसमक्ष सांगितले, आणि पाठोपाठ हेही सांगितले की वाघाच्या वेळी आपण शेजारी होतो.

साप्ताहिकात मी ही बातमी चार ओळींत दिली. फोटोचा छपाईचा ब्लॉक करण्याची सोय नसल्यामुळे फोटो छापला नाही. फोटो पाहायला लोक दुकानातच येत. धडगावकडचे पावरा आदिवासी डोंगरातून बाजाराला उतरत तेव्हा आठ-दहा जणांचा घोळका दारात थांबे. वाघ त्यांचा देव. ते चपला बाहेर काढत, हात जोडत, आणि जाताना कोणी फोटोखाली मूठभर ज्वारी ठेवी. पहिल्या वेळी ज्वारी शिलाईच्या यंत्रावर सांडली. पुढच्या बाजाराला खलिफांनी यंत्र बाजूला घेतले होते आणि तिथे एक फळी ठोकली होती.

त्यानंतर खलिफा दर उन्हाळ्याला निघत राहिले. दिल्ली, आग्रा, जयपूर, कलकत्ता झाले. ताडोबाला ते दोनदा गेले. जयपूरचे हत्ती, कलकत्त्याच्या ट्रामसमोर आडवा बसलेला बैल, ताडोबाचा गवा, सगळे फोटो दुकानात लागले आणि सगळे स्पष्ट होते. ताजमहालाचा फोटो नव्हता. त्याविषयी विचारले तर म्हणत, "देखा. घुमटनी फिटिंग चांगली शे." आग्र्याहून त्यांनी आणलेला फोटो यमुनेतल्या म्हशींचा होता.

कापड मीटरने विकायचा कायदा झाला तेव्हा दुकानात मीटरची पट्टी आली. खलिफांनी ती घेतली, गिऱ्हाइकासमोर वापरली आणि बिलावर मीटर लिहिले. कापताना मात्र ओठ गजातच हलत.

१९६८ साली माझी बदली नाशिकला झाली. निघताना खलिफांनी उंबऱ्यावरूनच माझ्याकडे पाहिले आणि कमरेत बदल झाला आहे असे सांगितले. माझ्या अंगावरचा कोट तसाच ठेवून घेतला आणि सैल करून नाशिकला पाठवला. तो बरोबर बसला. पुढे काही वर्षांनी ते वारले. वर्षभरात नरोत्तमभाईही गेले.

दुकान आता खलिफांचा मुलगा चालवतो. वाघाचा फोटो त्याच भिंतीवर आहे, खालची फळीही आहे. फोटो कागदावर नव्हे, काळ्या कोटाच्या कापडावर बसवलेला आहे. कापडाच्या खालच्या कडेला पिवळ्या दोऱ्याने, खलिफांच्या हातशिलाईत, दोन शब्द आहेत: चार गज.