अण्णांचा न सुटणारा कनेक्टर

आमच्या वर्कशॉपमध्ये पितळेचा भुसा आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी दुसऱ्या दिवशी तेवढेच. भुसा भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? घ्या तुम्हीच.

वर्कशॉप पनवेलला, एसटी स्टँडच्या मागे. मालक अण्णा, म्हणजे माझे थोरले काका. मी डिप्लोमा अर्धवट सोडला म्हणून 'पोरगं वाया गेलं' असं गावभर सांगायचे आणि लेथवर मलाच उभं करायचे. दुसऱ्याची चूक काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. शेजारच्या मयताला गेले, तर बापाचं वय चुकीचं सांगतो म्हणून रडणाऱ्या मुलालाच झापून आले.

*

सोसायटीच्या गणपतीत, ऐन आरतीत, अण्णांचा पाय वायरीत अडकला. कनेक्टर सुटला, मंडपात अंधार. अंधारातच अण्णांचा आवाज आला, "पाय बरोबर होता. कनेक्टर चुकला."

मग हट्टाला पेटून त्यांनी फिरवून लॉक होणारा, ओढला तरी न सुटणारा कनेक्टर बनवला. खोटं कशाला बोलू, झकास होता.

*

त्यावर पेटंट घ्यायचं ठरलं आणि वर्कशॉपमध्ये पडदा लागला. कोणाला कळता कामा नये! मला कनेक्टरला भोक पाडायला द्यायचे आणि वर सांगायचे, "पाड, पण बघू नकोस."

*

टेस्टिंग म्हणजे रस्सीखेच. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला अण्णा. कनेक्टर हलला नाही, वायरच तुटली आणि अण्णा थेट ऑइलच्या ट्रेमध्ये बसले. बसल्या बसल्या विचारलं, "सुटला का?"

"नाही."

"मग आता मला उठव."

*

अर्ज जायला वर्षं लागली, कारण अण्णा दर वेळी टायपिस्टच्या चुका काढून कागद परत पाठवायचे. शेवटी गेला आणि फेटाळला गेला. म्हणे, यात नवीन काहीच नाही.

तोवर ठाण्याच्या एका कारखान्याने तसाच माल बाजारात उतरवला होता. आम्ही अपील केलं. ते हरलो, तर आमचं शटर कायमचं खाली. वकिलांनी बजावलं, अर्जाआधी हा कनेक्टर कोणीही वापरला नव्हता, एवढ्याच मुद्द्यावर आपली केस उभी आहे.

अण्णा म्हणाले, "कुत्र्यानेसुद्धा हुंगलेला नाही."

*

सुनावणीला अण्णांनी उरणहून काकूच्या भावाला, नानांना, आणलं. रिटायर्ड हेडमास्तर सोबत असले की वजन पडतं म्हणे. वकिलांनी नानांना सांगितलं, तुम्ही फक्त बसायचं. जन्मभर पोरांना गप्प बसवणाऱ्या माणसाला स्वतः गप्प बसायची प्रॅक्टिस कुठली?

जज्जसाहेबांनी विचारलं, अर्जाच्या आधी हा कोणी वापरलाय का? आमचे वकील 'नाही' म्हणतायत, तोच मागच्या बाकावरून नाना उठले.

"साहेब, वस्तू एक नंबर आहे. मी लिहून देतो. अर्ज काय, आत्ता केला. त्याच्याआधी आमच्या घरचे तीन गणपती याच कनेक्टरवर झाले. एकदाही लाइट गेली नाही."

वकिलांनी डोळे मिटले. समोरच्या वकिलाने पेनाचं टोपण काढलं. मी अण्णांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी म्हातारा सावरून घेईल.

अण्णा उठले. घसा साफ केला.

"तीन नाही, नाना. चार."