रोवणा किती राह्यला?

ब्रह्मपुरीकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात औषधं देणारा एक जण आहे. गोळ्या हातावर ठेवायच्या आधी तो प्रत्येकाला विचारतो, "तुमच्या गावचा धानाचा रोवणा किती राह्यला?" खोकल्याशी भाताच्या लावणीचा काय संबंध? वैतागून मी काहीतरी ठोकून द्यायचो. एकदा तोच म्हणाला, "रोवतानाच साप जास्त चावते, भाऊ. सापाची इंजेक्शनं त्यावरूनच मागवतो. जास्त आणली तं मुदत सरून फेका लागते. कमी आणली तं..." आणि चष्मा पुसत बसला.

यंदा आमच्या शेतात, बांधीतल्या चिखलात रोवताना बायकोला साप चावला. इंजेक्शनं पुरली, वर दोन उरली. ती उठून बसली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तो मागणीचा कागद घेऊन खाटेपाशी आला. "आता किती राह्यला?"

मी एकेक बांधी आठवून सांगितलं. पहिल्यांदाच खरं.