मामूंचा प्रश्न

माझी धाकटी बहीण नसरीन ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. पडद्यापलीकडे, बैठकीच्या खोलीत, तिच्या संसाराचं काय करायचं ते ठरत होतं. तिच्या नवऱ्यानं, सलीमनं, रागात एकदा तलाक म्हटलं होतं. इद्दत, म्हणजे तलाक मागे घेता येतो ती साधारण तीन महिन्यांची मुदत, संपायच्या आत समेट होतो का, हे बघायला दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ बसवला होता. आमच्याकडून चाचा, त्यांच्याकडून सलीमचे मामू.

सुरुवातीला आवाज चढले, तेव्हा मला उलट बरं वाटत होतं. मग आवाज खाली आले, तसा मी पडद्याला कान लावला. माणसं फार समजुतीनं बोलायला लागली की जिच्याबद्दल बोलणं चाललंय तिला विचारायचं राहून जातं. मध्यस्थी म्हणजे जोडून देणं, असंच आपण धरून चालतो.

तेवढ्यात पडदा सरकला. मामू उंबऱ्याशीच खाली बसले.

"बेटी, आम्ही आमचंच बोलत बसलो. तुला परत जायचंय का?"

नसरीननं माझ्याकडे पाहिलं. 

"मला त्यांची भीती वाटते, मामू," ती म्हणाली. "नुसतं दार वाजलं तरी वाटते."

मामू पडद्याकडे वळले. मग पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मग मी हिला चल म्हणणार नाही."

 मी नसरीनचा हात धरला.