महादेवाच्या गुहेत आत्याबाई हरवल्या तेव्हा

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि त्याच्या भट्ट्यांना लागणारा चुनखडक आमच्या नंदिनीच्या खाणीतून जात होता. माझे यजमान तिथे ड्रिलवर होते. लग्न होऊन मी भंडाऱ्याकडून आले, ती देवावर रुसूनच आले. वडिलांच्या दुखण्यात मी इतका धावा केला होता, तरी ते गेलेच. तेव्हापासून संध्याकाळी दिवा लावायची, हात जोडायची, पण देवाशी अक्षर बोलायची नाही. माझ्या सासूबाई अगदी उलट. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या देवाशी बोलायच्या, म्हशीशी बोलायच्या आणि मला तर उठताबसता बोलायच्या.

त्या गावाहून नुकत्याच आमच्याकडे राहायला आल्या होत्या. इकडच्या डोंगरात एक गुहा आहे, आत महादेव आहे, आणि अक्षय तृतीयेनंतरच्या पहिल्याच सोमवारी तिच्या तोंडावरचा दगड सरकवतात, हे त्यांच्या कानावर गेलं नि झालं! दिवस मावळायच्या आत तो दगड पुन्हा बसतो, तो थेट पुढच्या वर्षापर्यंत. यजमानांची त्या दिवशी पाळी होती. “आईले एकटी सोडू नको,” एवढं बजावून ते कामावर गेले, आणि मी आत्याबाईंना घेऊन खाणीतल्या मंडळींबरोबर ट्रकमध्ये चढले. खरं सांगते, मी देवासाठी निघाले नव्हते. मला गुहा पाहायची होती. आदल्या दिवसापासून माझा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

बाहेर वैशाखाचा वणवा, आणि आत शिरलो तर अंगावर काटा यावा असा गारवा. एक ओढा आडवातिडवा वाहत होता. तो पुन्हा पुन्हा ओलांडायचा, कधी गुडघाभर पाण्यातून, कधी ओणवं होऊन, कधी पोटावर सरकत. पुरुषांच्या हातात खाणीतले कार्बाइडचे दिवे होते. त्या उजेडात छताला लोंबणारे पांढरे दगड असे लखलखायचे की बस! रोज वॅगनमध्ये भरून जातो तोच हा चुनखडक, हे डोळ्यांना पटेना. मी अजून पुढे, अजून पुढे करत सुटले. आत्याबाई माझा हात धरून मागून ओरडत होत्या, “अवं, देवाले पाहाले आली का पळाले आली?”

मंडळी पांगली म्हणून डोमाजीभाऊंनी सगळ्यांना गोळा करायला शिट्टी फुंकली. हे आमचे शेजारी, खाणीत सुरुंगाच्या कामावर, आणि शिट्टी त्यांच्या गळ्यात कायमची. पण आम्हा नंदिनीकरांना लांब शिट्टीचा एकच अर्थ ठाऊक: सुरुंग उडणार, असाल तिथे दगडामागे अंग टाका! डोक्याने विचार करायच्या आत अंगाने ऐकलं. धपाधप सगळे आडवे. रोज खाणीवर डबा पोचवणारी मीसुद्धा, आत्याबाईंचा हात सोडून. दिवे ओढ्यात पडून विझले आणि मिट्ट काळोख झाला. मग कुणाला तरी हसू फुटलं आणि सगळी गुहाच हसायला लागली. दिवा पुन्हा पेटला तेव्हा माझ्याजवळ आत्याबाई नव्हत्या. गावाहून आलेल्या बाईला खाणीची शिट्टी काय ठाऊक? आम्ही पडलो आणि त्या चालत राहिल्या होत्या.

थोडं पुढे जमीन खचून मोठं भगदाड पडलं होतं. काठावर चिखलात घसरल्याची ताजी खूण होती. मी ओरडले, डोमाजीभाऊ ओरडले, सगळेच ओरडायला लागले, आणि आमच्याच हाका चहूकडून आमच्यावर येऊन आदळू लागल्या. कुठली हाक आणि कुठली ओ, काही कळेना. माझा सगळा रुसवा त्या घटकेला गळून पडला. “देवा, आता यांना तरी नेऊ नको रे!” मी मोठ्यांदा म्हणाले.

तेव्हा माझ्या शेजारी एक बाई मशाल धरून उभी असलेली दिसली. जाडंभरडं लुगडं, हातभर गोंदण. ती कधी आली ते मी पाहिलं नव्हतं. तिने माझ्या तोंडावर हलकेच हात ठेवला आणि छत्तीसगढीत म्हणाली, “चिल्ला झन, बहिनी. चुप रह के सुन.” ओरडू नको, गप्प राहून ऐक.

आम्ही सगळे गप्प झालो. पाणी ठिबकत होतं. आणि मग खालून, लांबून, आवाज आला: “कुठी मेली ही पोरगी! एक चप्पल बी गेली वाहून माही!”

देवाचा आवाज कसा असतो ते मला माहीत नाही. त्या दिवशी मला तो असा ऐकू आला.

मशाल घेऊन ती बाई पुढे उतरली, तिच्यामागे मी. एका फटीतून सरपटत बाहेर निघालो तर समोर लख्ख उजेड! तिथलं छत कधीकाळी कोसळलेलं, वर निळं आभाळ, आणि काठावरच्या झाडाची मुळं खालपर्यंत लोंबलेली. त्या उजेडात आत्याबाई पाय पसरून बसल्या होत्या. पुढ्यात एक गोल दगड, त्याच्यावर थेंब थेंब पाणी पडत होतं. मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. “कावून वं रडून राहिली? मी मेली का?” त्या म्हणाल्या. “पाया पड आधी. दर्शन झालं माहं.”

बाईने मुळांकडे बोट दाखवलं. मी आत्याबाईंच्या पदराला माझ्या पदराची गाठ मारली, त्यांना खालून रेटत चढवलं, आणि त्या वर पोचेपर्यंत मला बोलत होत्या. उन्हात आल्यावर मी वळून पाहिलं. खाली कुणी नव्हतं. गुहेच्या तोंडाशी दगड बसवायला जमलेल्या म्हाताऱ्याला मी त्या बाईबद्दल विचारलं. तो म्हणाला, “हमर गाँव के माईलोगिन मन भीतरी नइ जावँय.” म्हणजे त्यांच्या गावच्या बायका आत जातच नाहीत. दुसऱ्या गावची असेल. मी पुढे चौकशी केली नाही. तिच्या पाया पडायचं राहून गेलं, म्हणून रोज दिव्यापुढे पडते.

इतके दिवस मी देवाशी अबोला धरला होता, आणि त्यालाच गप्प राहणं समजत होते. रुसून गप्प राहणं वेगळं आणि ऐकायला गप्प राहणं वेगळं. आता संकट आलं की जे मागायचं ते मागते आणि मग त्याच्यावर सोडून शांत बसते. उत्तर येतं कधी, कधी येत नाही, त्याची मर्जी.

आत्याबाई पुढे बरीच वर्षं माझ्या घरात राहिल्या. भाजीत मीठ कमी, भाकरी जाड, पदर असाच का, मी त्यांची बोलणी पोटभर खाल्ली. आणि दर वेळी खाली मान घालून मनात म्हणत राहिले, बोला आत्याबाई, बोला.